कौल

साप्ताहिकात आकडा आलाय, लुझी सांगते,
सुके बांगडे तव्यावर उलटत:
आपल्यासारख्यांतले शंभरात एवढे इकडे,
उरलेले तिकडे, थोडे अजून ठरवतायत.
मी विचारते, मोजलं कुणी?
साल्मियातल्या या चौथ्या मजल्यावर
वही घेऊन कुणी चढलं नाही.
चढू लागलं असतं तर हारिसनेच खाली सांगितलं असतं:
दोन नर्सा आहेत. भाडं वाटून राहतात. सभ्य आहेत.

तेही खरंच आहे.

लुझविमिंडा. देशाचे तीन तुकडे जोडून
बापाने केलेलं नाव.
त्याच्या होडीला दोन्ही अंगांना बांबूचे हात,
कलली तरी उलटायची नाही.
हे ती मला कितव्यांदा सांगते, मी मोजत नाही.

एप्रिलमधला शुक्रवार. दूतावासाची रांग कुंपणाबाहेर आलेली.
मी तिच्यासोबत, पाण्याच्या दोन बाटल्या धरून.
माझं मत गावच्या शाळेत, खोली क्रमांक दोन,
अकरा वर्षं माझी वाट बघतंय.

हवल्लीच्या सलूनमधला रामिल आमच्या पुढे,
टोपी कपाळावर ओढलेली.
"आपली सगळी एकाच बाजूला," तो म्हणाला.
"त्याने स्टेजवरून आपलं नाव घेतलं, नावानिशी.
कोण घेतं?"
लुझी म्हणाली, "दुसऱ्याने धक्का बांधला.
आईला आता बोटीत उचलून चढवावं लागत नाही."
"आणि तुझं लग्न?"
"आणि तुझं? त्याने नाव घेतलं रे,
तारीख कुठे दिली?"

रामिल हसला नाही.
मागे लोर्ना उभी होती, जिची ती
गेल्या वर्षी नवरा करून परत गेली.
ती म्हणाली, मला कुणीच नको,
मी फक्त आपल्या भाषेच्या गर्दीत
तासभर उभी राहायला आले.

लुझी बाहेर आली. शाई उजव्या तर्जनीवर.
आमच्याकडे डाव्या हाताला लावतात, मी म्हटलं,
आणि मग हळूच: कुणाला?
"गुप्त असतं," म्हणाली,
"सराव आहे ना आपल्याला,"
आणि अशी खदखदून हसली
की शिपायाने वळून बघितलं.
बसमध्ये आम्ही बसलो, मध्ये पिशवी. सवयीने.

आमच्या रवळनाथाला कौल लावतात.
पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या,
उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.
माझ्या सव्विसाव्या वर्षी आईने लावला,
माझ्या लग्नाचा.
गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.
दुपार टळली. एकही पाकळी हलली नाही.
"देव इचारात हा," गुरव म्हणाला
आणि जेवायला गेला.

आई अजून सोमवारी फोन करते.
तिकडे सोबत बरी आहे ना गो?
आहे, म्हणते मी.
ती थांबते. तेवढ्यात पलीकडून कावळा ऐकू येतो.
मग विचारते, पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे.

वॉर्डातल्या म्हातारीने लुझीचं बोट धरलं, हे काय?
"जांभळं औषध," लुझीने सांगितलं,
आणि तिची पट्टी बदलली.

निकाल मे महिन्यातच लागला.
त्या रात्री दोघींची नाइट होती,
एकीच्या मजल्यावर मृत्यू, दुसरीच्या मजल्यावर जुळी,
कळलं ते सकाळी, चहाच्या यंत्रापाशी.
रामिलने तीन आठवडे फोन उचलला नाही.
एवढ्यावरून काय समजायचं ते मी समजले,
किंवा नाही.

शाई मात्र ऑगस्टपर्यंत राहिली,
नखाबरोबर वर वर सरकत.
शेवटी ती ओट्यापाशी नखं कापायला बसली,
मसाल्याच्या फळीवर अंथरलेला जुना कागद काढून.
तोच कागद, तोच आकडा, हळदीने पिवळा.
कात्रीखालून काळी कोर उडाली आणि पडली.
कुठल्या बाजूला, बघायला मी वाकले,
तर तिने कागद गोळा करून मुठीत घेतला.